शंभरातून पस्तीस गेले, उरले एकशे पस्तीस

जानेवारी २०२५ मधल्या एका शनिवारी आमच्या शाळेच्या पटांगणात बालबाजार, म्हणजे मुलांनी दुकानं मांडायचा बाजार, भरला. सोमवारी सकाळी तिसरीतल्या एका मुलीला मी फळ्यावर १०० वजा ३५ हे उभ्या मांडणीचं गणित दिलं. तिनं खडू घेतला आणि लिहिलं: १३५. पाचातून शून्य गेलं, पाच. तीनातून शून्य गेलं, तीन. एक होता तसा खाली उतरवला. शंभराची नोट दिली, पस्तीसचा माल घेतला आणि वर एकशे पस्तीस परत मिळाले, असा दुकानदार निघाला तर गाव त्याच्या दारात रांग लावेल.

याच मुलीनं शनिवारी माझ्या डोळ्यांदेखत अंगणवाडीताईंच्या शंभराच्या नोटेतून पस्तीस कापून पासष्ट परत दिले होते. दोन जुड्या मेथी वीस, तीन जुड्या कोथिंबीर पंधरा. "पस्तीस," म्हणत तिनं पाचाचं नाणं ताईंच्या हातावर ठेवलं, "चाळीस," मग दहाची नोट, "पन्नास," मग पन्नासची, "शंभर." ताई वळायच्या आत पुढचं गिऱ्हाईक सुरू.

नाव लिहीत नाही. त्या दिवसापासून वर्गात तिला 'मेथीवाली' नाव पडलं आणि तिला ते आवडतं, तेच इथे वापरतो.

शाळा आणि आधीच्या वर्षीची फजिती

आमची शाळा जुन्नर तालुक्यात, जिल्हा परिषदेची, चौथीपर्यंत. पट ४१, शिक्षक दोन. पहिली-दुसरीची २२ मुलं मॅडमांकडे, तिसरी-चौथीची १९ माझ्याकडे एकाच खोलीत. नारायणगावचा टोमॅटो बाजार जवळ असल्यामुळे आमच्या मुलांना दशक-शतक कळायच्या आधी 'कॅरेट' कळतं. वीस किलोचं कॅरेट कितीला गेलं यावर घरात त्या रात्री काय स्वयंपाक होणार ते ठरतं, त्यामुळे भाव हा विषय त्यांना शिकवावा लागत नाही.

बालबाजार ही काही आमची नवी कल्पना नव्हे. राज्यातल्या असंख्य शाळांत डिसेंबर-जानेवारीत तो भरतो. २०२४ मध्ये पहिली ते आठवीचा शनिवार 'आनंददायी', म्हणजे उपक्रमांचा, झाल्यापासून त्याला हक्काचा वारही मिळाला. आम्हीही आदल्या वर्षी हौसेनं भरवला होता. फीत कापली, सरपंच आले, केंद्रप्रमुख आले, फोटो गटावर गेले, शाबासकी मिळाली. संध्याकाळी फोटो पुन्हा पाहताना मॅडम म्हणाल्या, "सर, यात मुलं कुठं आहेत?" खरंच नव्हती. प्रत्येक टेबलामागे आई उभी, मूल बाजूला, डोक्यावर कागदी टोपी. ज्यांची वडापावची गाडी आहे त्या वडिलांनी अख्खी शेगडी आणून धंदा केला होता. आणि वीटभट्टीवर काम करणाऱ्या घरातला एक मुलगा दिवसभर नळाजवळ बसून होता. त्याच्याकडे विकायला काही नव्हतं, विकत घ्यायलाही नव्हतं. मी भाषणात जी उलाढाल जाहीर केली होती तिच्यात तो कुठेच नव्हता, आणि मला ते दुपारपर्यंत दिसलंही नव्हतं.

दुसऱ्या वर्षीचे नियम

नोव्हेंबरच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत आम्ही अटी मांडल्या. पालक फक्त गिऱ्हाईक म्हणून येतील, पटांगणात फक्कीची रेघ असेल आणि ती कोणत्याही आईनं ओलांडायची नाही. माल घरचा, रानातला, स्वतः केलेला, किंवा पन्नास रुपयांत बसेल तेवढा विकत आणलेला. ते पन्नास रुपये वर्गाची पतपेढी कर्जाऊ देईल, सोमवारी परत. मोबाईल नाही, कॅल्क्युलेटर नाही. वहीत तीन रकाने: आणलं किती, विकलं किती, उरलं किती. पहिली-दुसरीतल्या प्रत्येकाला खरेदीसाठी वीस रुपये, ते आम्ही दोघांनी घालायचे.

एका वडिलांनी विचारलं, "क्यूआर कोड लावला तर चालंल का?" सगळे हसले, पण प्रश्न वरवरचा नव्हता. आमच्या पाठ्यपुस्तकात नाणी-नोटांचे धडे आहेत आणि घरोघरी आता किराणा फोनवर चुकता होतो. दुकानात पाठवलेलं पोर हातात उरलेले सुट्टे पैसे घेऊन परत येत असे, आणि वाटेत त्यातला रुपया गोळीवर खर्च करून घरी हिशेब जुळवत असे. ते शिक्षण आपोआप बंद झालं. त्याची कुणी बैठक घेतली नाही.

भांडवल ७५० रुपये लागलं, एकोणीसपैकी पंधरा जणांनी कर्ज घेतलं. समितीच्या अध्यक्षांनी हातउसने दिले, किराणा दुकानदारानं सुट्टे करून दिले.

शनिवार

सकाळची शाळा, साडेआठला बाजार सुरू. पाट्या मुलांनी आदल्या दिवशी रंगवल्या होत्या. 'आजच उपटलेली मेथी.' 'लिंबू घ्या, पिळून बघा.' एकानं लिहिलं होतं, 'उधार मागू नये', आणि दहा वाजेपर्यंत सहा दोस्तांना चिक्की उधार देऊन बसला. वर्गात नाव विचारलं तरी मान खाली घालणारी एक मुलगी त्या दिवशी "दहाला तीन, दहाला तीन" असं ओरडत होती की मॅडम वर्गातून बाहेर येऊन बघून गेल्या.

चौथीतल्या दोघांनी बांबूची काठी आणि डब्यांच्या झाकणांचा तराजू केला होता. एक पारडं जरा खाली जात होतं. मी सांगायच्या आत एकानं वरच्या पारड्याला सुतळीनं खडा बांधला आणि म्हणाला, "पासंग केला, सर." पासंग हा शब्द मी त्यांना कधीच शिकवला नव्हता. समीकरणाच्या दोन्ही बाजू समान असतात हे त्यांना पुढे सहावी-सातवीत कुणीतरी शिकवेल, तेव्हा हा खडा कुणाला आठवेल का, कोण जाणे.

त्याच तराजूपाशी एक आजोबा आले. वांगी चाळीस रुपये किलो. "सव्वा किलो दे," म्हणाले. पोरं अडकली. पावकिलोचं वजन टाकलं, माल बरोबर भरला, पैसे किती ते कळेना. आजोबांनी तिथल्या तिथे सवायकी, म्हणजे सव्वाचा पाढा, म्हटली: एक सव्वा, दोन अडीच, तीन पावणेचार, चार पाच. "चाराचे पाच, तसे चाळीसचे पन्नास." पोरांनी पन्नास घेतले, पण त्यांच्या चेहऱ्यावर फसवलं गेल्याची शंका होती. आजोबा गेल्यावर त्यांनी पाव किलोचे दहा वेगळे काढून ताळा केला, मगच ती नोट डब्यात टाकली.

नळाजवळ बसलेला तो मुलगा या वर्षी चौथीत. त्यानं कर्ज घेतलं नाही. दोन संध्याकाळी ओढ्याकाठच्या बोरीखाली जाऊन बोरं वेचून आणली होती. वाटीला पाच रुपये. सोळा वाट्या गेल्या, दहाच्या आत टोपली रिकामी.

आणि भेळवाला. हा आमचा हुशार मुलगा, स्पर्धा परीक्षांत तालुक्यात येणारा. पाढे तीसपर्यंत, उभी-आडवी कुठलीही वजाबाकी द्या, चुकत नाही. भेळ दहा रुपये. कुणीतरी तीन घेतल्या आणि पन्नासची नोट दिली. त्यानं तळहातावर पेनानं ५० लिहिलं, खाली ३०, रेघ ओढली. तेवढ्यात दुसरीतली दोन पोरं द्रोण पुढे करून उभी राहिली, मागून कुणी चमचा मागितला, आणि हा तळहाताकडे बघत राहिला. शेवटी गिऱ्हाइकानंच डब्यातून वीस उचलून घेतले. अर्ध्या तासानं मी पाहिलं तर त्याचा गल्ला त्यानं मेथीवालीकडे दिला होता. ती मेथी विकता विकता त्याचेही सुट्टे देत होती.

मेथीवालीची आई आठवडी बाजारांत पाटी घेऊन बसते. पहाटे शेतावरून जुड्या घ्यायच्या, दुपारपर्यंत विकायच्या. सुट्टीत ही तिच्याबरोबर असते. पन्नास रुपयांत तिनं पाचाच्या भावानं सहा जुड्या मेथी आणि दोनाच्या भावानं दहा जुड्या कोथिंबीर घेतली होती. शेवटच्या दोन मेथीच्या जुड्या सुकायला लागल्या तेव्हा पाणी मारून "पंधराला दोन" केल्या. गल्ला १०५. कर्ज फेडून ५५ उरले.

सोमवार

आता फळ्यावरच्या १३५ कडे येतो.

माझी पहिली चूक इथे झाली. मला वाटलं, नुसती आठवण करून दिली की पुरे. म्हटलं, "अगं, परवा अंगणवाडीताईंना कसे पासष्ट दिलेस? तसंच कर की." तिनं फळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे सांगितलं, "ते पैसे होते, सर. ही वजाबाकी आहे."

पंधरा वर्षांच्या नोकरीत इतकं नेमकं निदान मला कुठल्या प्रशिक्षणात मिळालं नव्हतं. तिच्या दृष्टीनं ही दोन वेगळी कामं होती. एकाला अर्थ होता, दुसऱ्याला पायऱ्या होत्या. पायऱ्या चुकल्या की तिच्याकडे उत्तर तपासायला काहीच नव्हतं, कारण फळ्यावरचे शंभर म्हणजे शंभर रुपये असं तिनं कधी धरलंच नव्हतं.

हे काही आमच्याच गावचं नाही. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात टेरेझिन्हा नुनेस, डेव्हिड कॅराहर आणि आनालुसिया श्लीमान या संशोधकांनी रस्त्यावर विक्री करणाऱ्या पाच मुलांची अशीच परीक्षा घेतली होती, १९८५ साली ती प्रसिद्ध झाली. मुलांना आधी त्यांच्याच गाडीवर गिऱ्हाईक होऊन हिशेब विचारले, तेव्हा ९८ टक्के उत्तरं बरोबर आली. तीच गणितं नंतर कागदावर नुसत्या आकड्यांत दिली, तर बरोबर फक्त ३७ टक्के. गोष्टीच्या रूपात दिलेली शाब्दिक उदाहरणं मधे कुठेतरी, ७४ टक्क्यांच्या आसपास. आमच्या बाजाराच्या पुढच्याच महिन्यात, फेब्रुवारी २०२५ मध्ये, अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्या गटाचा कोलकाता आणि दिल्लीतल्या बाजारांवरचा अभ्यास आला. त्यात दुसरी बाजूही होती: बाजारातल्या मुलांना शाळेचं गणित जमत नाही, तसं शाळेत चांगलं गणित करणाऱ्या मुलांना बाजारातला हिशेब जमत नाही. वाचताना मला आमचा भेळवाला दिसत होता, तळहातावर रेघ ओढलेला.

म्हणजे बालबाजार भरवला की व्यवहारी गणित येतं, हे जे आपण अहवालात लिहितो, ते आपोआप होत नाही. मेथीवालीला बाजारानं काही नवं शिकवलं नाही, तिला ते येतच होतं. तिला काय येतं हे बाजारानं मला दाखवलं. पुढचं काम माझं होतं.

मोड

तीन दिवस मी चाचपडलो. काड्यांचे गठ्ठे दिले, ती काड्या मोजत बसली. गणितपेटीतले ठोकळे दिले, तेही फळ्याइतकेच परके. मग पतपेढीचा डबा आणला. त्यातल्या नोटा आता खेळातल्या, पण डबा तोच आणि खजिनदारही तोच.

तिच्यासमोर शंभराची एक नोट ठेवली. "यातले पस्तीस मला दे. माझ्याकडे सुट्टे नाहीत, तुझ्याकडेही नाहीत."

"मग मोड आणावी लागंल."

ती उठली, खजिनदाराकडून दहाच्या दहा नोटा घेऊन आली. त्यातल्या तीन मला दिल्या. पाच रुपयांसाठी अडली, एक दहाची घेऊन पुन्हा डब्याकडे गेली, दहा नाणी आणली, पाच दिली. तिच्यापुढे सहा नोटा आणि पाच नाणी उरली. मग मी फळ्यावर शंभर लिहिले आणि तिनं जे जे केलं ते आकड्यांनी लिहायला सांगितलं. शतकाच्या एकावर काट मारली. "शंभर मोडले." दशकाच्या डोक्यावर दहा. त्यातला एक काढला, नऊ. "दहाची मोडली." एककाच्या डोक्यावर दहा. दहातून पाच पाच, नवातून तीन सहा. तिनं उत्तराकडे पाहिलं आणि म्हणाली, "हे तर तेच आलं."

आपण याला 'हातचा' म्हणतो. मी स्वतः तिसरीत असताना 'शेजारच्याकडून उसना घ्या' असं शिकलो. शेजारी शून्य असेल तर त्याच्याकडे उसनं मागायचं काय, आणि तो पुढच्याकडून का मागतो, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. नियम म्हणून पाठ होतं. १०० किंवा ५०० सारख्या संख्येत दोनदा उसनं घ्यावं लागतं आणि तिसरीची निम्मी मुलं तिथेच घसरतात. 'मोड' या शब्दानं ती गाठ सुटली. मोड कुणी फुकट देत नाही, नोट द्यावी लागते. शंभर मोडले तरी शंभरच राहतात. आणि दहाची नोट हवी असेल तर आधी शंभराची मोडावी लागते. आमच्या वर्गात आता हातचा हा शब्द मागे पडलाय. "आधी मोड आण" असं एकमेकांना सांगतात.

सगळ्यांना हे लागू पडलं असं मात्र नाही. ज्या चार मुलांच्या घरात रोख पैशाशी त्यांचा संबंधच येत नाही, त्यांना मोडही काड्यांइतकीच परकी होती. त्यांच्यासाठी मी वर्गातच रोज पाच मिनिटांचं दुकान सुरू केलं, ते एप्रिलपर्यंत चाललं. भेळवाल्याला मी तिथे गल्ल्यावर बसवलं, कागद-पेन न देता. त्याला पुढे मोजत जायला शिकवलं ते मेथीवालीनं, आणि शिकवताना तिनं त्याला जे काही ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बाजारात काय येत नाही, तेही ध्यानात आलं. बाजारातले भाव पाच, दहा, पंधरा, वीस. तिथे सात नवे त्रेसष्ट लागत नाही. 'एकोणसाठ' लागत नाही. एकोणसाठ ऐकून ६९ लिहिणारी दोन मुलं माझ्याकडे बाजाराआधी होती आणि बाजारानंतरही तशीच होती, कारण एकोणसाठ रुपयांना कुणी काही विकलंच नाही. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' आलं तेव्हा केवढी थट्टा झाली. थट्टा करणाऱ्यांनी एकदा या दोघांशेजारी बसून एकोणऐंशी लिहून घ्यायला हवं होतं.

नफा कुणाचा

वह्यांचा हिशेब बुधवारी झाला. भेळवाल्यानं उभं राहून वाचलं: चौदा भेळी, १४० रुपये, कर्ज ५०, नफा ९०. टाळ्या झाल्या. बोरंवाल्यानं विचारलं, "शेव कुठली?" शेव घरची होती, म्हणजे वडिलांनी आणलेली. मग फळ्यावर यादी झाली. पन्नासात चुरमुरे आणि फरसाण आलं होतं. शेव ४० ची, कांदे-टोमॅटो १५, चिंच-गूळ १०, द्रोण १४. एकूण ७९ वजा झाले. नव्वदाचे अकरा उरले.

तो बसायला लागला तेवढ्यात मागून मेथीवाली म्हणाली, "आन तुझ्या आईचा रोज?"

कांदे आईनं चिरले होते, चिंचेचं पाणी तिनं केलं होतं, पहाटे पाचला उठून. गावात बाईचा शेतातला रोज किती हे या मुलांना तोंडपाठ असतं. अर्ध्या रोजाची किंमत धरली तरी भेळवाला तोट्यात जात होता. मग गाडी बोरंवाल्याकडे वळली. भांडवल शून्य, विक्री ८०, म्हणून सगळ्यात जास्त नफा त्याचा, असं भेळवाल्याचे अकराच उरल्यावर मी जाहीर करून बसलो होतो. त्याला आता कुणीतरी विचारलं, दोन संध्याकाळचे किती धरायचे? त्यानं हात पुढे करून बोरीच्या काट्यांचे ओरखडे दाखवले आणि म्हणाला, "ह्याचं लिवा आधी." वहीत असा रकाना नव्हता. आम्ही चौथा आखला, त्याला नाव काय द्यायचं यावर तास संपला. 'मेहनत' ठरलं. बहुतेकांनी तो रिकामा ठेवला, कारण किती लिहायचं ते ठरेना. मलाही ठरवता आलं नाही.

कर्ज चौदा जणांनी सोमवारीच फेडलं होतं. चिक्कीवाल्याची उधारी वसूल व्हायला फेब्रुवारी उजाडला.

एप्रिल

वार्षिक परीक्षेत तिसरीला प्रश्न होता: उभी मांडणी करून सोडवा, ५०० − २३५, दोन गुण. मेथीवालीनं मांडणी केली होती, पण काट कुठे मारलेली नव्हती, डोक्यावर दहा नव्हते. रेघेखाली थेट २६५. समासात बारीक अक्षरात: २४०, ३००, ५००. त्यांच्याखाली ५, ६०, २००.

मी एक गुण दिला. मग खोडून दोन केले. निकालाच्या दिवशी तिला पेपर दाखवून विचारलं की मोडीची रीत येत असताना ती का केली नाही.

"मोड आणायला उशीर होतो, सर. तवर गिऱ्हाईक थांबत नाय."